पाच मिनिटं चालतील

आराखड्याच्या कागदावर एक रकाना होता:
मोठा बिघाड झाला, तर किती मिनिटांच्या नोंदी गेलेल्या चालतील?
मी लिहिलं, पाच.
लातुरात, औसा रोडच्या कचेरीत, पंख्याखाली.
पाच हा आकडा तेव्हा
शेंगेच्या टरफलाएवढा हलका होता.

ॲप रक्तपेढ्यांचं. चार जिल्हे, एकोणीस फ्रीज,
कुठल्या फ्रीजमध्ये कुठली पिशवी, कुणासाठी धरून ठेवलेली.
सगळं मुंबईच्या सर्व्हरवर,
आणि हुबेहूब तेच हैदराबादला.
लातूरकराला हैदराबाद तसंही परकं नाही.
एक पडलं तर दुसरं उभं राहील, मी बैठकीत म्हणाले.
सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पडलं ते रात्री एक वाजून दहाला.
इथं काहीच झालं नव्हतं.
वीज होती, चक्क. गंजगोलाईत कुत्री भुंकत होती.
पाचशे किलोमीटरवर एका इमारतीचा श्वास अडकला
आणि उदगीरच्या पडद्यावर चकरी फिरत राहिली.

अन्सारमामूंचा फोन:
"का झालंय ओ शिवकन्याबाई, उघडंनाच की."
थांबा मामू, म्हटलं, हैदराबादला उठवते.

हैदराबाद जागंच होतं.
फक्त त्याच्या दाराची किल्ली
मी मुंबईच्या तिजोरीत ठेवली होती.

हे कुणाला सांगू नये असं वाटतं.
म्हणून आधी तेच सांगते.

किल्ली सापडली दोन वाजता,
नियम मोडून जुन्या लॅपटॉपवर राहून गेलेली.
दार उघडलं. तरी कुणी येईना.

वडील सांगायचे, भूकंपानंतर गाव दोन कोस सरकलं,
गल्ल्यांना नावं नव्हती, नुसते आकडे,
आणि पोस्टमन कितीतरी दिवस
सायकल घेऊन ढिगाऱ्याकडंच जायचा.
एक हाक मारायचा. मग वळायचा.
यंत्रांचंही तेच चाललेलं.
जुना पत्ता त्यांनी एक तासासाठी खरा धरला होता.
तो तासही मीच ठरवलेला.

तीनला चकरी थांबली. सकाळी हिशेब केला:
चार मिनिटं बारा सेकंद गेली.
अहवालात मी "मर्यादेत" असं लिहिलं
आणि मग त्या चार मिनिटांत काय होतं ते शोधायला बसले.

एकच नोंद होती.
निलंगा. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. बाळंतीण. दैवशाला.

हैदराबादला ही दैवशाला ठाऊकच नव्हती.
त्यानं पिशव्या मोकळ्या दाखवल्या
आणि अहमदपूरला देऊनही टाकल्या, कागदोपत्री.

उदगीरला फ्रीजपुढं अन्सारमामू उभे.
पिशवीवर त्यांच्याच निळ्या पेनानं लिहिलेलं नाव.
"मशीन म्हणलं मोकळी हाय. मी म्हणलं, न्हाई."
अहमदपूरला त्यांनी नांदेडहून मागवायला लावलं, फोनवर, ओरडून.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, टळटळीत दुपारी,
मी स्वतःच्या हातानं मुंबई पाडते.
किल्ल्या तीन ठिकाणी आहेत. पत्ता एका मिनिटात शिळा होतो.
पहिल्या खेपेला हैदराबाद लंगडलं, दुसऱ्यांदा कमी.
साहेब विचारतात, चालू असलेलं बंद कशाला करता?

तो रकाना मात्र कोराच आहे.
शून्य लिहावं, तर प्रत्येक नोंद
हैदराबादचा होकार येईस्तोवर उंबऱ्यात ताटकळते,
आणि हैदराबादच रुसलं तर?
एक लिहावं, तर त्या एका मिनिटाला
कुठल्यातरी तालुक्याचं नाव असणारच.

शेवटी खाली, प्रतींच्या यादीत, एक ओळ वाढवली:
तिसरी प्रत, उदगीर, निळा पेन, वही.
मामूंना फोनवर वाचून दाखवली.
ते जरा वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "बरं हाय. पर रिफिलचे पैसे
कुठल्या रकान्यात धरलाव?"