अर्धा गुण

शनिवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत
चौदा जण जमले. पंधरावा वारा.
तो दर वर्षी दार ढकलून येतो,
चार प्यादी पाडतो,
नाव मात्र नोंदवत नाही.

फेरोच्या या बेटावर माणसं एकशे बारा,
मेंढ्या कुणी मोजत नाही.
पट सात. एकातला काळा घोडा हरवलाय,
त्याच्या जागी मिठाची कुपी, माझ्या घरची.
तीही अडीच घरंच चालते.

मी टपाल कचेरीतली. गुणांची वही माझ्याकडे,
कारण तीस वर्षं लोकांची पाकिटं तोलली
आणि ग्रॅमभर कधी चुकले नाही.
हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

मार्युन पहाटेच समुद्रातल्या पिंजऱ्यांत
माशांना खाणं घालून आलेली,
बोटांना वास होता, हाताला घाई नव्हती.
आमच्याकडे वजिराला घरधनीण म्हणतात.
मार्युन तिला लवकर उंबऱ्याबाहेर काढत नाही,
आणि काढली, की मग नुसती आवराआवर.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एलियास
प्रत्येक खेळीआधी डोळे मिटून गुणगुणतो.
घड्याळ संपतं, स्तोत्र संपत नाही.

हानुस बोटीवरचा मेकॅनिक,
शह देतो तोही माफी मागितल्यासारखा.
आणि बारा वर्षांचा त्रोंदुर,
खुर्चीवर गुडघे टेकून पटावर ओणवा.
समोरचा हरला
की त्याच्याहून जास्त यालाच वाईट वाटतं.

रविवारी प्रार्थनेनंतर शेवटच्या दोन फेऱ्या.
मध्येच बंदरावरून निरोप:
समुद्र चढतोय, बोट सहाची नाही, चारची.
मग शेवटचे डाव उभ्या उभ्याच,
कोट अंगात, एक हात बाहीत,
आणि माझी बेरीज घाईची.

बक्षिसं धक्क्यावरच दिली, वाऱ्यावर ओरडून.
पहिली मार्युन, साडेचार गुण: स्वेटर.
तो तिच्याच आईने विणलेला,
तिने उलटा करून आधी टाके तपासले.
मग हानुस आणि त्रोंदुर, साडेतीन, साडेतीन.
गुण सारखे तर लहान आधी, असा गावचा नियम.
म्हणून त्रोंदुर दुसरा: डावांचं एक रशियन पुस्तक,
कधीकाळी कुणा खलाशाने
लोकरीच्या मोज्यांच्या बदल्यात दिलेलं.
भाषा कुणालाच येत नाही, आकृत्या सगळ्यांना.
तिसरा हानुस:
नऊ महिने वाऱ्यावर वाळलेली मेंढीची तंगडी.
दोन दिवस अर्ध्या खेळाडूंची नजर
पटावर कमी, तिच्यावर जास्त.
हानुसने ती खांद्यावर टाकली
आणि बोटीत चढला, मागे न बघता.

रात्री वही पुसायला घेतली, तेव्हा दिसलं.
दुसरी फेरी, एलियास आणि हानुस, बरोबरी.
एलियासचा अर्धा मी लिहिला.
हानुसचा नाही.

फोन लावला. समुद्रापलीकडे तो काहीतरी चावत होता.
"हानुस, तुझे गुण चार होते."
"माहीत आहे."
"मग बोलला का नाहीस?"
"पुस्तक चावता येत नाही."

मला हसू आलं, रागही आला.
तीस वर्षांची अब्रू, आणि हा तंगडीवर विकून मोकळा.
फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला,
"पोराकडे दिवा आहे का गं अजून?"

पडदा सारला. अकरा वाजून गेलेले.
टेकडीवरच्या घरांत सगळीकडे अंधार,
एक खिडकी सोडून.
"आहे," म्हटलं.
"बरं," म्हणाला, आणि पुन्हा चावू लागला.

त्याच्या नावापुढे मी अर्धा लिहिला,
पेन्सिलीने, फिकट.
खोडरबर शेजारीच ठेवला.

मिठाची कुपी शाळेतच राहिली.
सकाळी अंडं अळणी खाल्लं.