हेल्मेटमधला कागद

शाल्मलीचं शाळेत भाषण आहे, पाच मिनिटांचं.
चिठ्ठीत विषय निघाला : लिंकन.
फ्रिजच्या दाराकडे तोंड करून ती म्हणते,
"आदरणीय परीक्षक,"
आणि फ्रिज घुरघुरतो.

मी नुकताच गोदीतून आलोय.
ऑगस्टात हिद्दची हवा
ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते.
बुटांत लोखंडाचा कीस, कॉलरवर मिठाचे नकाशे.
बाबा, ऐकायचं. झोपायचं नाही.

तर तो ओंडक्यांच्या खोपटात जन्मला.
नऊ वर्षांचा असताना आई गेली.
शाळा सगळी मिळून वर्षभराचीही नाही.
निवडणुका हरला, पुन्हा उभा राहिला.
अकरा वर्षांच्या एका मुलीनं कळवलं,
दाढी ठेवा, चेहरा फार बारीक दिसतो,
आणि त्यानं ठेवली.
"म्हणजे तो लहानांचं ऐकायचा,"
इथे माझ्याकडे बघून जरा जास्तच जोर.
टोपी उंच, आणि टोपीत कागद.
पत्रं, टिपणं, अख्खी कचेरी डोक्यावर.

मी डोळे उघडले.

माझ्याही हेल्मेटमध्ये, पट्ट्याच्या आत,
चार घड्या घातलेला एक कागद आहे.
मोफज्जलविरुद्धचा रिपोर्ट.
सात नंबरची टाकी, सतरा इंचांचा सांधा, आतून पोकळ.
इन्स्पेक्टरनं सगळ्यांसमोर खडूनं फुली मारली,
ती मला पाठीवर लागली.
बारा ते चारच्या सक्तीच्या सुट्टीत,
माणसं सावलीला आडवी असताना, मी लिहिलं :
निष्काळजी. उद्धट. परत पाठवावा.
शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.
(शाल्मलीच्या सायकलचा स्टँड त्यानंच जोडून दिलाय.
तो सांधा अजून पक्का आहे.)

"त्याचा सेनापती मोठी लढाई जिंकला,
पण हरलेलं सैन्य नदीपार निसटू दिलं.
लिंकननं रागानं लांबलचक पत्र लिहिलं.
पाकिटात घातलं. पाकिटावर नोंद केली :
पाठवलं नाही, सही केली नाही."
मग ती पाणी पिते.
हे पाणीही भाषणात लिहिलेलं असावं.

सेनापतीला कळलं का गं?
"कसं कळणार? पाठवलंच नाही ना."

गुलामगिरीच्या परिच्छेदावर ती अडते.
कागद खाली करून विचारते,
मोफज्जलकाकांचा पासपोर्ट कुठे असतो?
ऑफिसात, म्हणालो. कपाटात. सुरक्षित.
किल्ली कोणाकडे?
पुढे वाच, म्हणालो.
ती वाचायला लागली, पण फ्रिजकडे तोंड न करता.

सकाळी टाकीत उतरलो. दोघंच.
त्यानं ग्राइंडर उचलला, मी टॉर्च धरली.
ठिणग्या, धूर, आणि एकही शब्द नाही.
पहिल्या थराच्या तपासणीवर सही माझी होती.
रिपोर्ट लिहिताना हे आठवलं नव्हतं,
असं म्हणता येईल.
आठवलं होतं.

सांधा पुन्हा भरायला दीड दिवस लागला.
वर साहेबांना सांगितलं, चूक माझ्या गँगची,
म्हणजे माझी. महिन्याचा बोनस गेला.
मोफज्जलनं चहा आणून ठेवला, नेहमीसारखाच गोडमिट्ट,
आणि नेहमीसारखाच न विचारता.
त्याला काय कळलं, काय नाही, माहीत नाही.
राष्ट्राध्यक्षाला एक बरं होतं,
त्याच्या टेबलाला खण होते.

शाल्मलीचा तिसरा नंबर आला.
परीक्षक म्हणाले, युद्ध फार थोडं झालं,
पत्र जरा जास्तच झालं.

गुरुवारी हेल्मेट धुवायला काढलं.
घामानं शाई उतरलेली,
'परत' एवढंच वाचता येत होतं,
आणि त्याखालची रेघ.
फाडला नाही. भिजून आपोआपच सुटला.

आता हेल्मेट जरा सैल बसतं.
पट्टा एक खाच आवळून घेतलाय.