चोविसाचा पाढा

आईची एकच पाटली मोडली.
दुसरी ती एकट्याच हातात घालते,
कुणी विचारलं तर म्हणते, सवय झाली.

त्या पाटलीचे झाले बेचाळीसशे दिरहॅम.
विमानात, जेवणाच्या ट्रेखालच्या कागदी रुमालावर
मी नव्वद दिवस मांडले:
पलंग एकोणीसशे पन्नास (वरचा. खालचा महिन्याला शंभरानं महाग),
पोट, रोजचे बारा धरून, एक हजार ऐंशी,
मेट्रो साडेचारशे, जिथे चालवेल तिथे चालायचं,
आजारपण तीनशे.
राहिले चारशे वीस.
त्यांच्यापुढे काय लिहावं सुचेना,
म्हणून नुसतं लिहिलं: राहिले.

करामातली खोली, सहा पलंग, एक खिडकी,
खिडकीला एसीची पाठ.
हर्णैच्या झुलेखाबी परकार चावी देताना म्हणाल्या,
"फ्रीजमधला दुसरा कप्पा तुझा. अर्धा.
आणि एक ऐक पोरी, चोविसानं गुणू नकोस.
गुणशील तर उपाशी मरशील."

पण पाढा काय सांगून थांबतो?
चोविस एके चोविस: टपरीवरचा कडक चहा.
चोविस दुणे अठ्ठेचाळ: खुबूसचं पाकीट.
चोविस त्रिक बाहत्तर: मेट्रोचा एक फेरा, तोही जवळचाच.
चोविस पंचे वीसाशे: कोथिंबीर, पुदिना, दोन लिंबं,
आणि मी लिंबं परत ठेवते.

मी दात करते. पोर्सेलीनचे.
चिपळूणला नऊ वर्षं केले.
इथे क्लिनिकच्या काचेपाशी पोचते तोवर
चष्म्यावर वाफ धरलेली असते,
आत गेल्यावर रिसेप्शनची मुलगी हसते,
आणि मला आधी तिच्या दाताची छटा दिसते, ए-दोन,
मग ऐकू येतं: कळवतो.

वरच्या पलंगावरून छत हातभर.
तिसऱ्या आठवड्यात, झोप लागेना तेव्हा,
मोबाइलच्या उजेडात भिंतीवर पेन्सिल दिसली.
मल्याळी वेटोळी, कुठली तरी फोन नंबरांची रांग,
आणि अगदी कोपऱ्यात, बारीक, आपल्या अक्षरात:
५९. दूध ६. राहिले ५१.
६०. काही नाही. राहिले ५१.
६१. अंडी ७. राहिले ४४.
पुढे भिंत कोरी.

सकाळी विचारलं, इथे कोण होती?
झुलेखाबी कांदा चिरत होत्या.
"गेली ती."
नोकरी लागली म्हणून, की...
"गेली म्हणजे गेली.
खालच्यांची नावं राहतात माझ्या ध्यानात.
वरच्या लवकर बदलतात."

चव्वेचाळीस राहिलेले असताना
माणूस कुठे जातो?
मी तिच्या खाली माझा आकडा लिहिला,
तिचा 'नऊ' मोडी वळणाचा, माझा सरळ.
रोज रात्री एक ओळ.
कधी कधी वाटतं, ती वाचते आहे,
भिंतीच्या पलीकडून, जरा वाकून,
आणि लिंबांबद्दल काही बोलत नाही.

काल सत्तेचाळीसावा दिवस.
सतव्यात एका लॅबमध्ये हातात मेण देऊन म्हणाले,
दाढ करून दाखव.
वीस मिनिटांत केली. बघितली. फिरवली.
कळवतो, म्हणाले, पण ती दाढ
टेबलावरच ठेवून घेतली.

बाहेर पडून चहा घेतला.
अर्धा पिऊन झाल्यावर लक्षात आलं,
गुणायचं राहिलं.