मंत्रालय

उपासना सुटल्यावर वेस्ट्रीत एकच पंखा चालतो.
त्याच्याखाली आम्ही सात जण,
रास्ता पेठेतल्या बेकरीची खारी,
आणि ओबेदचा लॅपटॉप, ज्याची पिन कोणीतरी धरून ठेवावी लागते.
ती मी धरली होती, म्हणून मला सगळं जवळून दिसलं.

विषय तिसरा : मंडळीची वेबसाइट.
जुनी होती की एक.
चोपड्यांच्या सॅमनं केलेली. तो पर्थला गेला,
पासवर्डही त्याच्याबरोबर गेला.
पुढे तो पत्ता टाकला की रमीची जाहिरात यायची,
आणि नाताळच्या पत्रिकेवर तोच पत्ता छापलेला.
अलीशाकाका म्हणाले, किल्ली एकाच्याच खिशात ठेवू नये.
चाळीस वर्षं घंटा वाजवतायत ते;
त्यांच्या जुडग्यात
आता नसलेल्या दोन दारांच्याही किल्ल्या आहेत.

बाणेरहून एक मुलगा येऊन गेला होता, कडक इस्त्रीचा.
वर्षाला अठरा हजार, वर जीएसटी.
सगळं आम्ही बघू, तुम्ही फक्त प्रार्थना करा.
खजिनदार चक्रनारायणांना हे वाक्य आवडलं नाही.
आकडा तर त्याहून नाही.

ओबेदनं दुसरं दाखवलं. मुक्त आहे, म्हणाला.
फुकट?
फुकट नव्हे, मुक्त.
फरक काय, चक्रनारायण म्हणाले, पावती दोन्हीची मिळत नाही.
ओबेद चाचरला. आतलं सगळं उघडं असतं, म्हणाला,
कोणीही वाचावं, मोडलं तर नीट करावं, पुढे द्यावं.
कोणी लिहिलंय?
खूप जणांनी.
ओळखीचं कोणी?
नाही.
अलीशाकाकांनी खारीचा चुरा तळहातावर गोळा केला.
मग त्यांना काय मिळतं?
पंखा फिरत राहिला.

मी छापखान्यात बावीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत.
म्हटलं, आधी 'ख्रिस्त' लिहून बघा.
बाणेरच्या नमुन्यात नाव फुटलं :
ख सुटा, र सुटा, वेलांटी भलत्याच खांद्यावर.
ओबेदच्यात सलग उमटलं.
पण त्याच्या डोक्यावर, ठळक,
जिथं सेवाकार्य हवं
तिथं कोण्या अनोळखी भाषांतरकारानं लिहून ठेवलेलं : मंत्रालय.
महिला मंत्रालय. तरुण मंत्रालय.
आजारी-भेट मंत्रालय, दर गुरुवारी.
आमचे पाळक तर थेट मंत्री.

रेव्हरंड पाटोळे सगळ्यांत उशिरा हसले
आणि सगळ्यांत जास्त वेळ.
खातं कोणतं घेणार साहेब, चक्रनारायणांनी विचारलं,
आणि याच हशात
ठराव चार विरुद्ध तीन असा पास झाला.
पासवर्ड तिघांकडे.
चौथी प्रत बंद पाकिटात, प्रभुभोजनाच्या कपाटात.

घरी येऊन मी ओबेदला फोन लावला, तो शब्द बदलायचा कुठे?
त्यानं सांगितलं तसं कळवलं. दोन ओळी, कारणासकट.
नवव्या दिवशी उत्तर आलं, परभणीहून :
मी कोश बघून लिहिलं होतं, ताई.
देवाधर्माचं मला फारसं कळत नाही. बदललं.

म्हणजे आता जालन्यात किंवा आणखी कुठं
एखादी मंडळी हे उघडेल,
तिला सेवाकार्य दिसेल,
आणि त्यात काही विशेष आहे असं वाटणारही नाही.
काकांना मी हे सांगितलं नाही.
त्यांनी पुन्हा विचारलं असतं, तुला काय मिळालं,
आणि मला उत्तर मुद्रितात सापडलं नसतं.

एक शब्द मात्र मी तसाच ठेवला.
खाली उजवीकडे निळं बटण आहे, इंग्रजीत त्याला सेव्ह म्हणतात.
आमच्या बोलीत त्याचं तारण होतं,
हात शिवशिवला होता.
परभणीवाल्यानं लिहिलंय : जतन करा.

राहू दे.
बटणाकडून तेवढंच मागावं.