पत्ता बरोबर आहे

ऑगस्ट सरता सरता आमच्या छपरात
रात्री अकराला कोणीतरी फर्निचर हलवायला लागतं.
मार्येता कोपराने ढोसते, "येर्नेय, ऊठ."
मी म्हणतो, वारा असेल.
"वारा अक्रोड फोडत नाही."
आणि खरंच, वर कोणीतरी कुरतडत असतं,
सावकाश, घरचं असल्यासारखं.

पोल्ह.
खारीएवढाच, पण करडा, गुबगुबीत,
डोळ्यांभोवती काजळ फिसकटलेलं,
शेपूट बाटल्या धुवायच्या ब्रशासारखं.
सात महिने झोपतो. उरलेले पाच
आम्हाला झोपू देत नाही.

माझा बाप त्यांना पकडून खायचा, बटाट्यांबरोबर.
त्याची टोपी अजून खुंटीला आहे :
बत्तीस कातडी, मी मोजलीत.
तो सांगायचा, रात्री सैतान त्यांना चरायला नेतो
स्नेझ्निकच्या बीचवनात, गुराख्यासारखा,
आणि कान कातरून खूण करतो आपापल्या मालावर.
सैतान मला कधी दिसला नाही.
चाळीस वर्षं टपाल वाटलं या खोऱ्यात,
कुत्रे मात्र सगळे भेटले.

आधी माळ्यावर रेडिओ ठेवला, रात्रभर बातम्या.
त्यांना आवडल्या असाव्यात.
मग डांबराच्या गोळ्या.
त्या त्यांनी एकेक करून जिन्यावरून खाली सोडल्या,
टप्, टप्, पहाटे तीनला.
मग त्यांनी वायर खाल्ली.
फ्रीझर बंद, हरणाचं मांस गेलं,
जांभळं रस होऊन फरशीवर आली.
इलेक्ट्रिशियन बोश्त्यान नव्वद युरो आणि पिशवीभर प्लम घेऊन गेला.
जाताना म्हणाला, मांजर पाळा.
मांजर चुलीपाशी बसून हे ऐकत होतं.

शेवटी बापाचा सापळा काढला.
मान मोडणारी स्प्रिंग उपटून टाकली,
तिथे पडतं दार बसवलं. हात कापत होते, वयाने.
मार्येता काही बोलली नाही,
पण सफरचंदाची फोड तिनेच कापून दिली.

सकाळी आत एक जण, संतापून गुरगुरणारा.
त्याच्या शेपटीच्या टोकाला मी
मार्येताची लाल नेलपॉलिश लावली
(नातीच्या लग्नातली, अर्धी वाळलेली),
चावलाच मेला, अंगठ्याला,
आणि ओढ्यापलीकडे, पडक्या गिरणीच्या मागे
नेऊन सोडला.
चौथ्या रात्री टॉर्च मारला,
तर तुळईवरून लाल शेपूट गेलं.

मी चिडायला हवं होतं.
पण सवय जात नाही.
मनात पहिल्यांदा हेच आलं :
पत्ता बरोबर आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस एकदम सामसूम.
बर्फाआधी भोक बुजवायचं म्हणून
जाळी, हातोडी, तोंडात चार खिळे धरून वर गेलो.
कोपऱ्यात माझी टपालाची चामडी पिशवी होती.
पट्टा कुरतडलेला, झाकण उघडं, आत शेवाळ,
आणि शेवाळात पाच.
शेपटी तोंडावर घेतलेले, गार,
खिशात विसरलेल्या खड्यांसारखे.
बोट लावलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग एकाने एक श्वास घेतला आणि पुन्हा थांबला.

जाळी आता ठोकली तर हे आत कोंडले जाणार.
नाही ठोकली तर मे महिन्यात
पुन्हा फर्निचर.
खिळे तोंडातून काढून खिशात टाकले.
पिशवीचं झाकण लोटलं,
बकल लावलं नाही.

रात्री मार्येता अंधारात म्हणाली,
"ठोकल्याचा आवाज आला नाही."
मी गप्प.
"किती आहेत?"
"पाच."
"नेलपॉलिशवाला?"
"आहे."
"हं," म्हणाली,
माझ्या बाजूची रजई ओढून घेतली
आणि कूस बदलली.