चावी चालू, इंजिन बंद

भुपाल मगदूम सकाळी सातला उद्यमनगरच्या बोळात शिरला,
दुधाची पिकअप, मागं रिकाम्या कॅनांचा खडखडाट.
चाळिसाच्या पुढं गाडी पळत नव्हती.
काचेमागं पिवळा दिवा : इंजिनाचं चित्र,
लहान पोरानं काढल्यासारखं.

"दोन सेन्सर घातले मास्तर. दोन!
आधी म्हणाले जाळी चोंदलीय, मग म्हणाले सेन्सर गेलाय,
आता म्हणतात गाडी विका.
तुम्ही ते काढूनच टाका बघू. शिरोलीत एकजण काढून देतोय,
डब्यात नुसती पोकळ नळी. दिवा कायमचा गप्प."

मी काही बोललो नाही.
असा एक दिवा मीही गप्प केलाय.
नंतर त्याच गाडीमागं उभा होतो, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला.
पुढं स्कूटरवर एक बाई
पदरानं पोराचं नाक झाकत होती,
आणि धूर माझ्या ओळखीचा होता.

तहसीननं स्कॅनर लावला.
जमादारांची पोरगी, आयटीआयची; नखांत काजळी,
कानात तरी बाळ्या.
पडद्यावर कोड आला.
कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे,
हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
तक्रार करणाऱ्यालाच आधी आत टाकायचं,
ही आपली जुनी रीत.

"इंजिन बंद कर. चावी राहू दे."

आता धूर नाही, झोत नाही.
जाळीच्या अलीकडं जी हवा, तीच पलीकडं.
दाब शून्य पाहिजे.
पडद्यावर बावन्न.

काहीच घडत नसताना बावन्न!
रात्री दोनला मी छताकडं बघत पडलेला असतो,
तेव्हा मला कुणी हे यंत्र लावलं
तर एवढंच दाखवेल.

दोन्ही रबरी नळ्या काढल्या. फुंकून बघितल्या.
मोकळ्या. ओठ तेवढे काळे झाले.
सेन्सर आता उघड्या हवेत, तरी बावन्न.
"गेलाच की हाबी," म्हणत
भुपालनं तिसऱ्यांदा खिशाकडं हात नेला.

तहसीन ऐकत नव्हती.
मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर,
दुसरं सेन्सरच्या अर्थला, पिनेच्या पाठीमागून, हळूच,
काटा काढावा तसं.
शून्य पूर्णांक चार.
"इथं काही नसायला पाहिजे ना, मास्तर?"
"नसायलाच पाहिजे."

मग ती गाडीखाली गेली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
टेप सोलल्याचा आवाज,
जुन्या जखमेवरची पट्टी निघावी तसा.
हात बाहेर आला : तळव्यावर कनेक्टर,
आत तांब्याची हिरवी भुकटी.

"पाणी कधी शिरलं होतं गाडीत?"

भुपालनं आधी कॅन मोजले. मग म्हणाला,
"एकवीस साली. अर्जुनवाडच्या वाटेवर.
नदी आली तशी मी म्हशी काढल्या.
गाडीला म्हटलं, तू थांब.
दोन रात्री होती पाण्यात.
पण नंतर धुतली की! पुसली. नारळ फोडला."

वायर तोडली, नवी जोडली, डाग दिला, ग्रीस भरलं.
चावी चालू, इंजिन बंद.
बावन्न होते तिथं भोपळा.

"पहिला सेन्सर टाकला का ठेवलाय?"
तो निघाला डॅशबोर्डच्या कप्प्यातून,
जुन्या पेपरात गुंडाळलेला, दूध संघाच्या पावत्यांखाली.
तोही लावून बघितला.
शून्य.
भुपालनं तो परत मागितला, शर्टाला पुसला,
आणि कप्प्यात न टाकता वरच्या खिशात ठेवला,
चष्म्याशेजारी.

"किती झाले?"
"वायरीचे साठ. हिचे पाचशे."
त्यानं सहाशे तिच्याच हातावर ठेवले.

जाळी भाजायला इंजिन अर्धा-पाऊण तास ओरडत राहिलं.
शेजारच्या लेथवाल्यानं शिव्या दिल्या.
मग गाडी गेली. दिवा नव्हता.

तहसीननं मीटरच्या वायरी गुंडाळल्या,
गुंडाळता गुंडाळता थांबली,
लाल टोक काळ्याला टेकवलं
आणि आकड्याकडं बघत राहिली.