सीलबंद

बोटीवर आम्ही सात माणसं, दोन कम्प्युटर
आणि एक इंटरनेट, तेही कप्तानाचं,
हवामान आणि माशांचा भाव बघण्यापुरतं.
मी स्वयंपाकी. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही.
एवढं माहीत आहे की रेग्वी तीन वर्षं
एका खेळाची वाट बघत होता,
आणि तो बाजारात आला त्या दिवशी
क्लाक्सविकच्या दुकानात सर्वांआधी जाऊन उभा राहिला,
अंगाला मासळीचा वास तसाच.

आइसलँडच्या दक्षिणेला, दुसऱ्या रात्री,
गळ सोडून झाल्यावर
साबणानं दोनदा हात धुऊन त्यानं पेटी उघडली.
आत एक तबकडी, एक चिठोरं, त्यावर पंचवीस अक्षरं.
ती त्यानं एका बोटानं टाइप केली, ओठ हलवत,
शाळेत प्रार्थना म्हणायचा तशी.
पडदा म्हणाला:
आपण खरे ग्राहक आहात याची खात्री करायची आहे.
कृपया इंटरनेटशी जोडा.

चहूकडे पाणी.
खात्री करायला कोण येणार होतं, देवमासा?

कप्तानानं एका बाटलीच्या बदल्यात दहा मिनिटं दिली.
कुलूप उघडलं.
खेळातलं गाव मात्र दर चार पावलांना अडखळायचं,
दिवे लावणारी बाई हात वर करायची
आणि तशीच थिजायची.
कंपनीला लिहिलं. उत्तर आलं:
कुलपाचा वेगाशी काही संबंध नाही,
आपलं यंत्र जुनं असावं.
रेग्वीनं महिन्याची कमाई घालून नवा भाग बसवला.
तर कुलूप त्याला ओळखेना.
आपण नवीन दिसता, म्हणालं,
आपल्या तीन संधींपैकी ही दुसरी.

त्याच्याच खालच्या बंकवर हाइनी,
फुकटातला, कुलूप तोडलेला तोच खेळ,
त्याच्याहून जुनाट यंत्रावर,
लोण्यातून सुरी जावी तसा खेळत होता.
त्याची बाई दिवे लावत चालली होती,
अख्खी गल्ली उजळली होती.
रेग्वी वरून वाकून बघत राहिला.
कुणीच काही बोललं नाही. इंजिन चालू होतं.

आमच्या गावात रस्त्याच्या वळणावर
माझी बहीण रूबार्बचा मुरंबा मांडून ठेवते.
टेबल, बरण्या, पैशांचा पत्र्याचा डबा.
माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही.
एकदा तीस क्रोन कमी भरले होते.
पुढच्या महिन्यात ते पोस्टानं आले,
सोबत सॉरी लिहिलेलं कार्ड.
हे मी त्या रात्री सांगितलं
तर रेग्वी म्हणाला, तुझ्या बहिणीला कंपनी काढायला सांग.

पुढल्या उन्हाळ्यात एक दुरुस्ती आली.
यादीत शेवटची ओळ: किरकोळ सुधारणा.
कुलूप निघून गेलं होतं, चोरपावलांनी,
आणि गाव पळायला लागलं,
रेग्वीच्या जुन्या भागावरसुद्धा.
तो नवा भाग अजून त्याच्या खोक्यात आहे.
कुणी माफी मागितली नाही. संबंधच नव्हता ना.

आता त्या खेळाचा दुसरा भाग आलाय.
गंमत म्हणजे हाइनीनंही विकत घेतला.
म्हणाला, ज्यांनी ती बाई काढली, तिला चालायला शिकवलं,
त्यांचं मी खाल्लंय, ते फेडायला हवं.
दोघांनी दोन पेट्या घेतल्या, पूर्ण किमतीच्या,
पावत्या जपून ठेवल्या,
पेट्यांवरचा प्लास्टिकचा कागदही काढला नाही,
आणि खेळतात तो चोरलेलाच.

पेट्या मला दिल्या.
वादळात माझा पिठाचा खण
सारखा सरकून उघडायचा,
दोन्ही त्याच्या फटीत ठोकून बसवल्या.
काल रात्री बोट पार आडवी झाली होती,
बशा फुटल्या, रस्सा छताला लागला,
खण हलला नाही.
सकाळी रेग्वीला दाखवलं.
तो म्हणाला, बघ, चालतं की.
आणि वर जाऊन गळ ओढायला लागला.